नासरेथ ते बेथलेहेम, मार्गे सिहोरा

येशूच्या जन्माची बातमी मेंढपाळांना देवदूतांनी दिली हे खरं. पण त्या रात्री आमचे मामासासरे तिथं असते तर देवदूतांना खाली उतरायची गरजच पडली नसती, असं माझं ठाम मत आहे. माझ्या बायकोच्या या सख्ख्या मामांचा जन्म बसमध्ये कंडक्टरकी करण्यात गेला. तुमसर स्टँडवर त्यांनी 'सिहोरा, सिहोरा' अशी हाळी दिली की सिहोऱ्याचे लोक गाडीत बसायचेच, पण ज्यांना भंडाऱ्याला जायचं होतं तेही घाबरून चढायचे. निवृत्त झाल्यावर हा आवाज त्यांनी आमच्या लहानशा चर्चला वाहिला. नाताळच्या सकाळी उपासना संपली की संडे स्कूलच्या पोरांचे खेळ घ्यायचे, हे काम त्यांनी कोणी न सांगता अंगावर घेतलं आणि मग ते कोणाला सोडवता आलं नाही.

त्यांचा मुख्य खेळ बसचाच. पुढचे बाक ओळीत लावायचे, की झाली नासरेथहून बेथलेहेमला जाणारी गाडी. तिकीट म्हणून प्रत्येक पोरानं बायबलमधलं एक वचन पाठ म्हणायचं. अर्धं वचन आलं तर हाफ तिकीट, म्हणजे मांडीवर बसून प्रवास. खिडकीची जागा येशूच्या आईसाठी, मरियेसाठी राखीव. तिथं एकदा चर्चचे पाळकसाहेब चुकून टेकले, तर त्यांनाही उठवलं. बाळ येशूच्या जिवावर उठलेला हेरोद राजा वचन न म्हणता चढायचा आणि त्याला वाटेत उतरवताना मामाजींना खराच राग यायचा. येशूला भेटी घेऊन आलेल्या ज्ञानी लोकांची शर्यत म्हणजे चमच्यात लिंबू धरून पळणं. पण लिंबू पडलं की ते शिटी वाजवत नसत, हळहळत. "सोनं पडलं त उचलता येते बाबू, गंधरस सांडला त नुसता वास उरते," असं म्हणून ते पोराला पुन्हा सुरुवातीला उभं करायचे. डोळे बांधलेल्या मेंढपाळानं नुसत्या आवाजावरून आपलं मेंढरू ओळखायचं, हा तिसरा खेळ. एका वर्षी तो समजावताना मामाजी स्वतः मेंढरासारखे असे काही बेंबाटले की शेजारच्या पाटलांची शेळी दोन पिल्लं घेऊन थेट वेदीपर्यंत आली. पाठोपाठ पाटील आले, तर मामाजींनी त्यांच्याच डोळ्यांवर रुमाल बांधला. शेळी न्या, पण एक डाव खेळून जा, अशी अट होती. पाटलांनी केक खाल्ला, डाव जिंकला आणि मग शेळी नेली.

एकच खेळ त्यांना मंजूर नव्हता, कानगोष्टींचा. एकानं दुसऱ्याच्या कानात सांगायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, आणि शेवटच्यानं उभं राहून काय ऐकलं ते मोठ्यानं म्हणायचं. सुवार्ता ही काय बैलबाजारातल्या दलालाचा भाव आहे का, कानात सांगायला, असं ते विचारायचे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांच्या घशात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, जीव वाचला; पण आवाज गेला. उरली ती धानाच्या वाळल्या तणसीतून वारा गेल्यासारखी नुसती सळसळ. डॉक्टरांनी हळू बोलायला सांगितलं होतं, पण ती सळसळ एकदा स्वतःच्या कानांनी ऐकली आणि मामाजींनी तोंड मिटलं ते मिटलंच. पाणी हवं असलं तर पेल्याकडे बोट. पाळकसाहेब खेळांचं विचारायला आले तर नुसती नकारार्थी मान हलवली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मामी माझ्या बायकोला म्हणाल्या, "मीच बोलते बाई, आन मीच हो म्हणते. दिवसभर टीव्ही चालू ठेवते, तो बातम्यावाला तरी बोलते घरात." ऑपरेशनच्या दिवशी मामींच्या मनात जी भीती शिरली ती निघालीच नव्हती, कारण भिऊ नकोस असं म्हणणारा माणूसच गप्प होता.

त्या नाताळला मामाजी आले, पण खांबाला टेकून उभे राहिले. एका तरुण शिक्षिकेनं खेळ घेतले. बिचारीनं सगळं नीट केलं, पण बेथलेहेमची गाडी काही हलल्यासारखी वाटेना. मरिया झालेली रूथ नावाची चिमुरडी खिडकीची राखीव जागा सोडून उठली आणि मामाजींकडे जाऊन म्हणाली, "आजोबा, गाडी उभीच हाय."

मामाजींनी इकडे तिकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर हात ठेवत खाली बसले आणि तिच्या कानाला तोंड लावून काहीतरी बोलले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. रूथला वाटलं, कानगोष्टींचा खेळ सुरू झाला. ती धावत बाकावर गेली आणि शेजारच्याच्या कानाला लागली. त्यानं पुढच्याला सांगितलं. बाकांमागून बाक तो निरोप सरकू लागला; ऐकू यावं म्हणून पोरं आपोआप गप्प झाली आणि त्यांच्यामागे मोठी माणसंही. पोरं संपली तशी बायकांचे बाक आले. शेवटच्या बाकावर, अगदी टोकाला, मामी होत्या.

त्यांनी ऐकलं आणि त्या बसूनच राहिल्या. नियम मोडतो आहे असं वाटून एक पोरगं म्हणालं, "आजी, उभं राहून सांगा ना." मामी उठल्या. पुढच्या बाकाची पाठ त्यांनी धरली होती.

"भेऊ नको," त्या म्हणाल्या. "असं म्हणते."

मामाजी खरंच काय बोलले होते हे कोणालाच माहीत नाही. देवदूतानं मेंढपाळांना म्हटलेलं 'भिऊ नका' त्यांनी सांगितलं असेल आणि वाटेत 'नका'चं 'नको' झालं असेल. मी रूथला विचारलं, तर तिनं आपल्याला थोडंसंच ऐकू आल्याचं कबूल केलं. मामाजींना विचारायची माझी हिंमत झाली नाही. ते त्या वेळी पुरुषांची बाजू सोडून, सगळं चर्च ओलांडून, मामींशेजारी जाऊन बसले होते.

त्यांचा आवाज काही परत आला नाही. यंदा नाताळचे खेळ पुन्हा त्यांनीच घेतले, कुजबुजत, आणि पोरं कान टवकारून त्यांच्याभोवती दाटीनं बसली. पण 'सिहोरा, सिहोरा'वाली ती हाळी आता कुठंच ऐकू येत नाही आणि मला ती अजून हवी आहे. दुपारी घरी परतताना धान कापलेल्या शेतातल्या बांध्यांच्या कडेनं ते दोघं पुढं चालले होते. मामाजी वाकून मामींच्या कानात काही सांगत होते. त्या कधी मान हलवत होत्या, कधी हसत होत्या. माझी पावलं सवयीनं झपाझप पडत होती. बायकोनं माझी बाही धरली आणि म्हणाली, "जरा हळू चला न."