बाबांच्या छातीतला डाग

बाबांच्या फुफ्फुसातली गाठ मोतीबिंदूमुळे सापडली. डोळ्याच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्स-रे काढला, त्यात डाग दिसला. मग स्कॅन झाला, सुईने तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता, पण लहान होता आणि कुठे पसरलेला नव्हता.

बाबा लातूरकडून आलेले. निवृत्तीपर्यंत भोसरीच्या फाउंड्रीत, ओतकामाच्या धुळीत होते. बोलतानाही त्यांना दम लागायचा. कॅन्सरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, या श्वासावर ऑपरेशन झेपणार नाही. गाठीवर नेमकं, जास्त ताकदीचं रेडिएशन देऊ, थोड्याच दिवसांत संपेल.

बाबांना पटलं नाही. "खराब भाग काढून टाकायचा असतो. आतच मारून ठिवायचा म्हणजे काय?"

"मेलेली गाठ आत राहिली तरी चालते," बाई म्हणाल्या. "बहुतेकांची गाठ याने आटोक्यात येते. सगळ्यांचीच येते, असं नाही म्हणणार मी."

मी धोक्याचं विचारलं. थकवा, खोकला, फुफ्फुसाला सूज. शिवाय गाठ बरगडीला लागून असल्यामुळे बरगडी ठिसूळ होऊ शकते, असंही त्यांनी सांगितलं. बाबांनी सही केली.

मशीनखाली हलू नये म्हणून त्यांच्या अंगाच्या मापाची गादी बनवली, श्वासाबरोबर गाठ किती हलते ते पाहिलं. पहिल्या दिवशी बाहेर येताच बाबा म्हणाले, "मशीन बंदच होती की. चटका न्हाई, दुखलं न्हाई." रिक्षाने थेरगावला परतताना डांगे चौकात उतरून त्यांनी केळी घेतली. जेवले, झोपले. पुढच्या वेळांनाही असंच.

काही महिन्यांनी स्कॅन केला, तर डाग मोठा दिसला. मी नवऱ्याला फोन केला. तो चाकणला शिफ्टवर होता. "सुट्टी टाकून येऊ का?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं. येऊन करणार काय होता?

डॉक्टरबाई शांत होत्या. "रेडिएशननंतरची सूजही अशीच दिसते. आज खात्रीने काहीच सांगता येणार नाही. थांबू, पुन्हा स्कॅन करू."

थांबलो. त्या काळात मी शाळेत शिकवत होते, पेपर तपासत होते. पुढच्या स्कॅनमध्ये डाग आक्रसला होता.

त्यानंतर एकदा शिंकताना बाबांची बरगडी तडकली. सांगितलेलं होतं, तरी मी घाबरले. गोळ्या घेऊन, जपून राहून ती भरून आली.

आता डागाच्या जागी व्रण आहे. श्वास पूर्वीइतकाच अपुरा आहे. त्यावर हा उपचार नव्हताच. मागच्या तपासणीला बाबांनी विचारलं, "आता किती वर्षं धरायची?"

"गाठ सध्या शांत आहे," बाई म्हणाल्या. "पुढचं पुढच्या स्कॅनला बोलू."

बाबांना तेवढं पुरलं. मला पुरलं नाही, पण विचारण्यासारखंही काही उरलं नव्हतं. मी पुढची तारीख घेतली.