भिंतीवरचे अध्यक्ष

खरवईत आमच्या बिल्डिंगखाली एका एजंटचं व्हिसाचं ऑफिस आहे. येणाऱ्याला तो आधी भिंतीवरचा फोटो दाखवतो, मग चहा मागवतो. फोटोत तो आणि कॅनडातल्या एका प्रांताच्या विधानसभेचे अध्यक्ष. "घरचेच आहेत. पत्र देतील, काम झालंच समजा." आमदाराच्या पत्रावर पोरांच्या ॲडमिशन करून घेणारी माणसं आम्ही, लगेच माना डोलावल्या. मी तर मुलीचा पासपोर्टही देऊन टाकला.

परवा मी म्हटलं, "भाऊ, तुमचे साहेब तिकडे निवडणुकीत पडले की!" तो नुसता हसला.

आज त्याच खिळ्यावर नवे अध्यक्ष आहेत. शेजारी तोच, तोच कोट, तीच तिरकी मान, तेच हसू.

मी मुलीचा पासपोर्ट परत मागितला. त्याने फोटो दाखवला नाही, थेट चहाच मागवला.