अर्जुनरावांच्या टाकीवरचं सील

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. निजामाच्या काळातल्या एका फटफटीचं आता कोणाला काय पडलंय, असं वाटलं. पण राग काही जाईना, म्हणून लिहितेय. चुका असल्या तर असू द्या.

तलवाड्याचा धुळाजी. धनगराचा, मेंढरामागं वाढलेला. गावचे बडे जमीनदार अर्जुनराव यांनी जालन्याहून फटफटी आणली, शेजारी बसायला डोली जोडलेली. ती चालवायला धुळाजीला ठेवलं, कारण तिच्या आवाजाला सगळं गाव भ्यायचं, हा एकटा भ्यायचा नाही. जालन्याच्या मिस्त्रीनं त्याला शिकवून पाठवलं. पुढं पुढं तर गाडी नुसती खोकली तरी धुळाजीला कळायचं, हिचं काय दुखतंय ते.

मग डब्यांतलं पेट्रोल मोजताना कमी भरायला लागलं. डबे पत्र्याच्या खोलीत, बुचं ढिली, आणि आपल्याकडचा उन्हाळा. धुळाजी म्हणाला, "मालक, म्या बघाया गेलतो. ते उडून जातंय."

कारभारी राधाकिशन फिदीफिदी हसला. "उडून? पंख फुटले काय बे पेट्रोलला?"

झालं. चोर घरातच आहे असं ठरलं. डबे कुलपात गेले. गाडीच्या टाकीच्या झाकणावर गरम लाख ओतून अर्जुनरावांच्या अंगठीची मोहोर उठवली. वर धुळाजीला खंडोबापुढं बेलभंडारा उचलायला लावला, सीलला बोट लावणार नाही म्हणून. त्यानं उचलला. मनात पापच नव्हतं, मग काऊन भ्यायचं?

आणि तिथून गाडी बंद पडायला लागली. चांगली पळायची, दोन-तीन कोस गेलं की गचके द्यायची आणि मरायची. जरा वेळ थांबलं की परत सुरू. धुळाजीनं प्लग काढून बघितला, ठिणगी चांगली. कार्बोरेटर उघडला, जेटच्या बारीक भोकातून घोड्याच्या शेपटीचा केस ओवून काढला, कचरा नाही. टाकीखालच्या तोटीची जाळी धुतली. शेवटी गाडी मेली त्याच क्षणी पेट्रोलची नळी सोडली, तर थेंब थेंब पडत होतं, बघता बघता तेही थांबलं. आणि टाकी हलवून बघितली तर अर्धी भरलेली!

मग पेट्रोल भरायच्या दिवशी राधाकिशननं सील फोडलं, झाकण फिरवलं आणि सूंऽऽ करून हवा आत घुसली. धुळाजी जागच्या जागी थबकला. मेंढरं राखताना तो भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी प्यायचा. तोंड घट्ट लावून ओढलं की पाणी अडतं, आत हवा गेल्याशिवाय पुढचा घोट येत नाही. गाडीच्या झाकणाला तसलंच बारीक भोक होतं, हवेसाठी. लाख नेमकी त्याच्यावरच बसत होती.

"मालक, सील जरा बाजूला लावा. भोक बुजतंय, गाडीला सास घेता येईना."

"ऐका!" राधाकिशन म्हणाला, "चोर म्हणतोय, कुलूप काढा, तिजोरीचा जीव घाबरा होतोय!"

सगळे खो खो हसले. अर्जुनरावही. लाख परत तिथंच ओतली.

मग बीडला तालुकदारसाहेबांचा, म्हणजे निजामाच्या कलेक्टरचा, दरबार भरला. अर्जुनरावांना तिथं मानाची खुर्ची मिळणार होती. जरीचा फेटा बांधून ते डोलीत बसले. दोन-तीन कोस झाले नाहीत तोच गाडी मेली.

"मालक, म्या भंडारा उचललाय, माझा हात जायचा न्हाई. पण मोहोर तुमची हाय. तुमीच फोडा. गाडी न्हाई पळाली तर मला हितंच गाडा."

अर्जुनरावांनी हात पुढं केलाही होता. मग मागं घेतला. "माझी मोहोर मी फोडू? तुझ्या सांगण्यावरून? मेंढक्यानं मला अक्कल शिकवायची?"

"अक्कल न्हाई मालक, हवा..."

कानाखाली बसली.

मरत, थांबत, परत सुरू होत ते बीडला पोचले, तर शिपाई खुर्च्या उचलत होते. अर्जुनरावांनी तिथंच, भर लोकांत त्याला पेट्रोलचोर म्हणून हाकललं. धुळाजी पायी गावाकडं निघाला.

आणि खरं वाईट तर पुढं आहे. चोरच गेला म्हटल्यावर सील कशाला लावतील? नवा ड्रायव्हर बंकट आला, झाकण मोकळं, गाडी बीडपर्यंत एकदाही न थांबता पळाली. गाव म्हणालं, "बघा, धुळ्या मुद्दाम बंद पाडायचा. तो गेला अन् गाडी सुधारली." सांगा आता, याच्यावर त्या माणसानं काय बोलायचं! पुढं कोणी त्याला धुळाजी म्हणालंच नाही. पेट्रोल्या. लग्नाच्या पंगतीत लोक एकमेकांना डोळा मारून म्हणायचे, "तांबे सांभाळा रे, पेट्रोल्या बसलाय." त्यानं पंगतीला जाणंच सोडलं. मेंढरांबरोबर रानात राहिला आणि रानातच मेला.

त्याची लेक छबुबाई तलवाड्यात अजून आहेत. एवढ्या म्हाताऱ्या झाल्या, तरी नळावर भांडण झालं की बाया अजून "पेट्रोल्याची" म्हणतात. बापानं जे सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं, आणि माझा हात धरून विचारलं, "लाखेला सुईनं टोचलं असतं तरी गाडी पळाली असती. शपथ पाळली म्हून चोर ठरला. सांग बाई, माझा बाप चोर हुता का?"

छबुबाईंना आता धड उठवत नाही. कोणी तिकडं जाणार असाल तर लवकर जा, प्लीज. त्या तुम्हालाही हेच विचारतील. नुसती मान हलवू नका. मोठ्यानं "न्हाई" म्हणा, शेजारच्या घरात ऐकू जाईल असं.