एका पुस्तकाभोवती चौघी
लेकीच्या नव्या पुस्तकांचा वास आला की मला नव्वदच्या दशकातली सेनगावकडची आमची शाळा आठवते. चार वर्गांना मिळून खोली एक, गुरुजी एक. निम्मी लेकरं गावातली, निम्मी आमच्या तांड्यावरची. त्या वर्षी तिसरीला पुस्तकही एकच आलं होतं. ते गोणपाटावर मधोमध ठेवून आम्ही चौघी भोवती बसायचो. एक दिवस तपासणीला जीपमधून साहेब आले. गुरुजींनी मोठ्या भरवशानं मला उभं केलं. साहेबांनी पुस्तक उघडून हातात दिलं, तर मला एक अक्षर लागेना. गुरुजींचा चेहरा पडला. "काहून गं, वाचता येत न्हाई?" साहेबांनी विचारलं. मी पुस्तक फिरवून उलटं धरलं आणि धडाधडा वाचत सुटले. "पाठ केलंय हिनं," म्हणत साहेबांनी दुसरं पान काढलं. तेही वाचलं. "मी समोर बसते ना, साहेब. मला रोज असंच दिसते." साहेब पोट धरून हसले आणि शेरा लिहिला, 'वाचन उत्तम, पुस्तकं कमी.' आता लेक अभ्यासाला बसली की मी मुद्दाम समोर बसते. तिला वाटतं, तिकडून आईला तिच्या चुका दिसत नाहीत.