पोळीत खोचलेली सुई

२२ एप्रिल १९७१, गुरुवार. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवायचा राहिला होता.

सासूबाईंची थोरली लेक बाळंतपणाला यायची होती आणि तिच्यासाठी नवी गोधडी झालीच पाहिजे, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. जुनी लुगडी, सासऱ्यांची विरलेली धोतरं, मुलांचे आखूड झालेले सदरे, सगळं थरावर थर घालून आम्ही दोघी रोज ओसरीवर टाके घालत होतो. आमची वस्ती देवळाली प्रवराच्या बाहेर, उसाच्या कडेला. हंगाम संपत आला होता, त्यामुळे मालक, म्हणजे माझे यजमान, ऊसतोडीवर होते. घरी आम्ही दोघी आणि खळ्यात धाकटे दीर, एवढेच.

आमच्याकडे गोधडी उपाशी बंद करत नाहीत. शेवटचा कोपरा उघडा ठेवायचा, त्यात तूपगूळ लावलेला पोळीचा तुकडा घालायचा, आणि मग टाके घालून तो बंद करायचा. गोधडीचं पोट भरलेलं असलं की पांघरणाराचंही भरतं, असं सासूबाई म्हणत. मुंग्यांचंही भरतं, असं मी म्हणे, पण मनात.

दुसरा नियम सुईचा. सुई जमिनीवर ठेवायची नाही. गोधडीची सुई बोटाएवढी लांब, पायात गेली तर माणूस महिनाभर लंगडतं. हा नियम सासूबाई इतका कडक पाळत की सुई हातात घेऊनच पाणी प्यायच्या. त्या दिवशी कुंकवाची कोयरी आणायला त्यांना आत जायचं होतं. गोधडीत खोचावी तर थरात शिरून हरवते. त्यांच्या दुसऱ्या हातात पोळीचा तुकडा होता. दोरा ओवलेली सुई त्यांनी त्या तुकड्यात खोचली, तुकडा गोधडीवर ठेवला आणि आत गेल्या.

मी दुसऱ्या टोकाला कच्चे टाके उसवत होते. मान वर केली तेव्हा कुत्रा ओसरीवर होता आणि तुकडा नव्हता.

कुत्र्याला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. वस्तीवर एकच कुत्रा असला की नाव कशाला लागतं? तांबडा, एक कान फाटका, अंगणात कुणी परकं आलं की आधी पायांकडे बघणारा. लाड त्याचे कुणी केले नाहीत. पण तो आल्यापासून खुराड्यातली एकही कोंबडी कोल्ह्यानं नेली नव्हती, आणि रानडुकरं उसात शिरली की आम्हाला तोच उठवायचा.

तो दोनदा ठसकला. मग पुढचा पंजा तोंडावर घासायला लागला. ओठाच्या कोपऱ्यातून पांढरा दोरा लोंबत होता, वीतभर.

सासूबाई कोयरी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी दोरा बघितला आणि कोयरी हातातच राहिली.

"मी काय जिमिनीवर ठिवली व्हती का?" त्या म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं.

"आत्याबाई, त्याचे पाय धरा."

"दोरा हाय की बाहेर. वढ अन् काढ!"

त्यांनी हात पुढे केलाही. मी तो धरला. त्यांचा हात असा धरायची माझी पहिलीच वेळ, पण तेव्हा ते सुचलं नाही. सुई गोधडीच्या थरात हरवली की दोरा ओढायचा नाही, हे त्यांनीच मला नवी नवरी असताना शिकवलं होतं. टोक कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक नसतं. उलटं असलं तर ओढाल तितकं ते रुततं. आधी बोटांनी चाचपायचं, टोक शोधायचं, सुई पुढे ढकलून मोकळी करायची, मग काढायची. कापडाला जे लागू, ते घशाला जास्तच लागू.

"मग मीठपानी पाज. वकंल."

"सुई आडवी बसली तर ओकताना घसा फाडील. भावोजी!"

दीर खळ्यातून आले. त्यांना दोन वाक्यांत सांगितलं.

"वहिनी, कुत्र्यासाठी गाडी जुपायची?"

"कोंबड्या तुम्ही राखणार का रात्री?"

त्यांनी गाडी जुंपली. तोवर मी जुन्या लुगड्याचा काठ फाडून कुत्र्याचे पुढचे दोन्ही पाय एकत्र बांधले. पंज्यात दोरा अडकला असता तर आमच्या शहाणपणाचा काही उपयोग नव्हता. तोंड बांधलं नाही, लाळ इतकी गळत होती की गुदमरला असता. गाडीत पोतं अंथरलं, त्याला मांडीत घेतलं, आणि दोऱ्याचं टोक माझ्या करंगळीला सैल गुंडाळलं. गिळलाही जाऊ नये आणि ताणलाही जाऊ नये. निघताना सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "त्या गोधडीला आता कुनी हात लावू नका!"

तालुक्याच्या गावी गुरांचा दवाखाना होता. जवळ दुसरं काही नव्हतं. आणि डॉक्टर दुपारनंतर गावोगाव फिरतीवर निघून जात.

रस्ता उसाच्या गाड्यांनी भरला होता. कारखान्याकडे निघालेली रांग, पुढे गाडी, मागे गाडी, बाजूने जायला जागा नाही. प्रत्येक खड्ड्याला कुत्र्याचं डोकं उडत होतं आणि मी करंगळी त्याच्या जबड्याबरोबर खालीवर नेत होते. त्याने एकदा माझ्या मनगटाला दात लावले, पण दाबले नाहीत. लाळेत रक्ताची लालसर रेघ दिसायला लागली.

"भावोजी, हाका!"

"कुठं हाकू? बैलांच्या डोक्यावरनं?"

पुढच्या गाडीवर पाथर्डीकडची तोडकरी बाई मोळ्यांवर बसली होती. तिने वाकून माझ्या मांडीत बघितलं.

"काय झालं वं बाई?"

"सुई गिळली."

"आमची पोरं तापात चालत जात्यात दवाखान्यात," ती म्हणाली. "तुमचं कुत्रं गाडीत!"

खोटं नव्हतं ते. मी म्हटलं, "पोराच्या घशात सुई असती तर आधी त्याला घेतलं असतं. आत्ता याच्या घशात आहे. वाट द्या."

ती सरळ होऊन बसली. मग नवऱ्याच्या पाठीत कोपर मारून म्हणाली, "घ्या की बाजूला, ऐकू न्हाई आलं?" त्यांची गाडी पाण्याच्या चारीच्या कडेला घसरली, एक मोळी खाली पडली, आणि आम्ही निघालो. मोळीवरून तो नवरा तिला काय बोलला ते मागे बराच वेळ ऐकू येत होतं.

दवाखान्याच्या आवारात डॉक्टरांची सायकल दारातच होती, पिशवी हँडलला लावलेली. म्हणजे निघायच्या बेतात. दारातला शिपाई म्हणाला, "इथं गुरं बघत्यात. कुत्रं नगरला न्या."

"नगरला जाईपर्यंत सुई काय वाट बघणार आहे?"

आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले. तरुण, शर्टाच्या बाह्या वर, हाताला शेणाचा वास. त्यांनी आधी दोरा बघितला.

"ओढला का कुणी?"

"नाही."

"नक्की?"

"माझ्या करंगळीलाच आहे तेव्हापासून."

त्यांनी कुत्र्याच्या गळ्यावरून बाहेरून बोटं फिरवली. एका जागी थांबले, पुन्हा तिथेच आले. कुत्रा कण्हला.

"हे बघा बाई, गाईच्या घशात मी कोपरापर्यंत हात घातलाय. कुत्र्याच्या घशात कधी नाही. जागा अरुंद आहे, आणि शेजारूनच मोठी रक्ताची नळी जाते. इथं माझ्या हाताखाली गेला तर मला बोल लावायचा नाही."

"घरी नेला तर जाणारच आहे. करा तुम्ही."

गुंगीचं इंजेक्शन दिलं. मान सैल पडेपर्यंत आम्ही थांबलो. मग वरच्या जबड्यात एक पट्टी अडकवून ती दिरांच्या हातात दिली, खालच्या जबड्यातली शिपायाच्या. दोघांनी दोन बाजूंना ओढून तोंड उघडं धरलं. मघाशी नगरचा रस्ता दाखवणारा शिपाई आता "हळू, हळू" म्हणत होता. माझ्या एका हातात बॅटरी, दुसऱ्यात दोरा.

"दोरा सैल ठेवा," डॉक्टर म्हणाले, "पण सोडू नका. मला वाट दाखवायला तोच आहे."

त्यांचं बोट दोऱ्याच्या कडेने आत गेलं. जिभेच्या मुळापर्यंत, मग त्याच्याही पलीकडे. बॅटरीच्या उजेडात मला नुसतं लाल दिसत होतं. कुत्र्याची छाती हलायची थांबली. शिपायाने दिरांकडे बघितलं. मी छातीकडे बघत राहिले. ती पुन्हा हलली.

"टोक वर आहे," डॉक्टर म्हणाले. "बाजूला रुतलंय. ओढली असती तर आरपार गेली असती. आता खाली ढकलतो."

त्यांनी सुई आधी आणखी आत ढकलली. मला ते ठाऊक होतं, मी बॅटरी आणखी जवळ धरली. मग लांब चिमटा गेला, वळला, एकदा सटकला. डॉक्टरांनी शिवी गिळली. पुन्हा वळला. बाहेर आला तेव्हा चिमट्यात सुई होती आणि मागोमाग रक्ताची गुळणी.

"डोकं खाली करा!"

रक्त फरशीवर गळलं. थोडा वेळ गळत राहिलं, मग नुसती लाळ आली. त्यांनी पेनिसिलिन टोचलं, हात धुतले, आणि सुई कापसात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"आज काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. उद्या सकाळी पातळ दूध ठेवा. गिळलं तर ठीक. गिळलं नाही, किंवा गळा सुजला, तर नगरला न्या. पण तेव्हा मी भरवसा देत नाही."

येताना रस्ता मोकळा होता. दीर म्हणाले, "वहिनी, सुई कशाला आणली?"

"चांगली आहे. वाकलीसुद्धा नाही."

घरी सासूबाई ओसरीवरच बसल्या होत्या. गोधडी तशीच पसरलेली, कोपरा उघडा. त्यांनी कुत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गेलं?"

"नाही. सकाळी कळेल."

"कुत्रं गेलं तर ही गोधडी लेकीला द्यायची न्हाई. सांगून ठिवते."

मी कुत्र्याला गोठ्यात नेऊन ठेवलं. त्यांनी संध्याकाळी भाकरीला हात लावला नाही, पण हे मी मालकांनाही सांगितलं नाही. कुत्रा गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर पडून होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी धार काढली, दुधात निम्मं पाणी घातलं आणि वाडगं घेऊन गोठ्यात गेले. आधी गळ्यावर हात फिरवला. कालच्याएवढाच होता. वाडगं पुढे सरकवलं. त्याने वास घेतला आणि मान फिरवली. सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी दुधात बोट बुडवून त्याच्या ओठाला लावलं. त्याने चाटलं, थांबला, आणि गिळलं. गळ्यातून घोट खाली उतरताना दिसला. मग त्याने तोंड वाडग्यात घातलं.

"हळू मर की!" सासूबाई त्याच्यावर ओरडल्या आणि डोळ्याला पदर लावत आत गेल्या.

मी चुलीवर पाणी ठेवलं, त्यात सुई उकळली, पुसली, ओवली. पोळीचा नवा तुकडा तूपगूळ लावून कोपऱ्यात घातला आणि टाके घालून कोपरा बंद केला. उरलेल्या चिंध्यांची एक उशी शिवली, मुठीएवढी, आणि ओसरीच्या खांबाला सासूबाईंच्या छातीएवढ्या उंचीवर खिळ्याने ठोकली. सुई तिच्यात खोचली आणि शेण काढायला गेले.