कुजबुजरावांचं स्वतःचं वाक्य

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ आमच्या नाटकमंडळीचे प्रॉम्प्टर. विंगेत मोडक्या स्टुलावर बसायचं, संहिता मांडीवर घ्यायची आणि नट अडला की हळूच पुढचा शब्द पुरवायचा, हे त्यांचं काम. खऱ्या नावाने त्यांना कुणी हाक मारलीच नाही. सगळ्यांचे ते कुजबुजराव. मी राण्या केल्या, खाष्ट सासवा केल्या. एकदा अंगात ताप असताना अख्खा तिसरा अंक त्यांच्या कुजबुजीवर निभावून नेला. टाळ्या मला मिळाल्या, त्यांचा घसा बसला. एवढे उपकार असताना त्यांना नावं ठेवू नयेत, हे मला कळतं. पण यंदा त्यांनी नको जीव केला!

निमित्त त्यांच्या नातीच्या शाळेचं. नात चार वर्षांची, एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून तिला भिंगरी म्हणतात. तिच्यासाठी दोन शाळा पाहिल्या. एक मोठ्या फाटकाची. तिथे मुलीला रंग विचारले आणि आईबापांना पोरीच्या पुढच्या वीस वर्षांचा बेत. दुसरी बागेची. तिथे म्हणे परीक्षाच नाहीत, फक्त आत शिरायची परीक्षा तेवढी जीव काढते! दैव असं की दोन्हीकडून होकार आला आणि घराचं रणांगण झालं.

मी चहाला खाली उतरावं, तर रोज तोच प्रवेश चालू.

"शिस्त बघ तिथली," मुलगा म्हणायचा. "पोहायचा तलाव आहे, घोडे आहेत. तिथली मुलं पुढे कशी... कशी..."

"चमकतात," कुजबुजराव पुटपुटले.

"चमकतात! बघ, बाबाही तेच म्हणतायत."

"चार वर्षांच्या पोरीला घोडा कशाला? वरातीला?" सून उसळली. "बागेच्या शाळेत मूल कसं, अगदी... काय ते..."

"कळीसारखं उमलतं."

"उमलतं! ऐकलंस? बाबा माझ्या बाजूने आहेत."

मी कपाळाला हात लावला. अहो, हा माणूस कुणाच्याच बाजूचा नव्हता! समोरचा अडला की शब्द पुरवायचा, एवढंच हाडीमाशी खिळलेलं. खलनायक असो की नायिका, प्रॉम्प्टरला दोघं सारखेच. मी जिन्यात गाठून म्हटलं, "कुजबुजराव, तोंडाला कुलूप घाला. आग लागेल घराला."

"काय करू बाई, कुणी अडलेलं बघवत नाही मला."

व्हायचं तेच झालं. बाबा आपल्या बाजूचे, या भरवशावर मुलाने फाटकाच्या शाळेला परस्पर हो कळवलं आणि सुनेने बागेच्या शाळेला. शुक्रवारी संध्याकाळी दोन्हीकडून अभिनंदनाचे फोन आले, तेव्हा बिंग फुटलं. त्या दोन शाळांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकाच मुलीचं नाव दोन्हीकडे आहे असा सुगावा लागला, तर दोघीही दार लावून घेणार आणि भिंगरी वर्षभर घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी एकीला तरी नाही म्हणणं भाग होतं.

शनिवारी मला बोलावणं आलं. नवरा-बायको दोन खुर्च्यांवर, मध्ये कुजबुजराव, टेबलाखाली भिंगरी.

"मावशी, तुमच्या साक्षीने होऊन जाऊ दे," मुलगा म्हणाला. "बाबा, आता तुम्हीच सांगा. कुठली?"

"हो, एकदाच आणि मोठ्याने," सून म्हणाली.

कुजबुजरावांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. विंगेकडे अशा नजरेने मीच आयुष्यभर पाहत आले होते.

"माझ्याकडे काय बघताय?" मी वैतागून म्हटलं. "हे कुठल्या संहितेत लिहिलेलं नाही."

त्यांनी घसा खाकरला. मग जो आवाज निघाला, तो मी कधी ऐकलाच नव्हता.

"फाटकाच्या शाळेची बस अंधारात येते आणि पोरीला घेऊन जाते. बागेची शाळा कोपऱ्यापलीकडे. मला तिचा हात धरून चालत जायचंय."

टेबलाखालची वळवळसुद्धा थांबली.

"हे काय कारण झालं, बाबा?"

"माझं झालं."

"आणि तुमचा गुडघा?"

"गुडघा माझा आहे."

मुलगा उठून उभा राहिला. "पण बाबा, तुमच्या हौसेपायी तिच्या... तिच्या..."

तो अडला. सगळ्यांनी कुजबुजरावांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. माझ्याही जिभेवर शब्द आला होता, मी घाईने बिस्कीट तोंडात कोंबलं. कुजबुजरावांनी कप उचलला आणि शांतपणे चहा प्यायला. शब्द काही आला नाही. मुलगा खाली बसला आणि त्याने फाटकाच्या शाळेला नकाराचा फोन लावला.

आता रोज सकाळी माझी झोपमोड होते. भिंगरी प्रत्येक मांजरापाशी थांबते आणि खालून कुजबुजराव गर्जतात, "चल गं बाई, घंटा होईल!" अख्खी गल्ली जागी होते. एवढा खणखणीत गळा होता, तर मेल्याने एखादी भूमिका का मागितली नाही कधी?