दाजींच्या हातचा टेम्पुरा

माझ्या भाचीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. एरवी ती मेसेज करते, इतक्या सकाळी फोन कधी करत नाही, म्हणून ओल्या हातानेच उचलला. "मावशी, पप्पा गेले," एवढंच म्हणाली. मला वाटलं, कुठे गावाला वगैरे गेले असतील. "कुठे गेले गं?" असं मी विचारलंसुद्धा... आणि मग पलीकडून तिचं रडणं ऐकू आलं. दाजी पहाटे उसाला पाणी सोडायला गेले होते. बांधावर बसले, शेजारच्या रानातल्या माणसाला "छातीत जरा जड वाटतंय" म्हणाले आणि तिथेच आडवे झाले. सांगलीहून कडेगावकडे जाताना एसटीच्या खिडकीतून मी बाहेर बघत होते, पण दिसत काही नव्हतं. आता महिना उलटून गेला आहे. दुःखाची पहिली धार बोथट झाली आहे, आणि दाजींची आठवण आली की रडू यायच्या आधी थोडं हसू येतं. म्हणून हे लिहायला बसले आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. कडेगाव तालुक्यात त्यांचं गाव, घरचा ऊस, आणि घराण्याच्या रिवाजाप्रमाणे सैन्यातली नोकरी. सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी संदेशांच्या तुकडीत होते, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. मी शाळेत होते तेव्हा ते सुट्टीवर आले की आमच्या माहेरी सण असायचा, कारण हा माणूस जेवायचा फार सुंदर. नुसतं पुष्कळ जेवणं वेगळं. दाजी ताटावर बसले की वाढणाऱ्याला आपण काहीतरी थोर काम करतोय असं वाटायला लागायचं. भाकरी मोडायच्या आधी ती नाकाशी न्यायचे. अंगणात पाय ठेवताच सांगायचे, "आज कांदा जरा जास्त भाजलाय, व्हय ना?" आणि आत अक्का कपाळाला हात लावायची, कारण ते खरं असायचं. निवृत्तीनंतर उसाबरोबर थोडी हळदही लावू लागले. ती विकायला सांगलीला आले की आमच्याकडे उतरायचे. मार्केट यार्डात पोत्यातली मूठभर हळद घेऊन हुंगायचे आणि ती नीट शिजली आहे का, कुठे ओल लागली आहे का, हे सांगायचे. व्यापारी हसायचे, पण ऐकायचेही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दाजी दवाखान्यात होते. वाचतील की नाही अशी दशा होती, पण वाचले. घरी आले, काठी टेकत टेकत चालायला लागले, मग काठीही सुटली. आम्हाला वाटलं, सुटलो. पुढच्या वर्षी हळदीच्या हंगामात ते सांगलीला आले तेव्हा मी त्यांच्याबरोबर यार्डात गेले होते. पिवळ्या धुळीनं डोळे चुरचुरत होते, घसा खवखवत होता, त्या वासानं नाक नुसतं भरून गेलं होतं. दाजी मात्र पोत्यांच्या मधोमध गप्प उभे. हातात हळदीचं कांडं, नाकापाशी धरलेलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमन, हितं वास येतोय व्हय गं?"

मी मान डोलावली.

"वरीस झालं," ते म्हणाले. "वास न्हाई, चव न्हाई. गोड कळत न्हाई, खारट कळत न्हाई. तुझ्या अक्काला वाटतंय, यील कवातरी. मला न्हाई वाटत." आणि ते कांडं त्यांनी पोत्यात परत ठेवलं, अगदी हळू, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. डॉक्टर म्हणायचे, वाट बघा, काहींचं उशिरा परत येतं. घरात मात्र जेवणाची वेळ आली की सगळे धास्तावलेले असायचे. अक्का रोज नवीन काहीतरी करायची. आज चटणी जास्त घालून बघ, उद्या चिंच घालून बघ. दाजी दोन घास खायचे आणि ताट सारायचे. "वल्लं फडकं चावल्यावानी लागतंय," म्हणायचे. लग्नाकार्याला जायचे बंद झाले, कारण तिथे पंगतीत बसावं लागतं. अंगावरचे कपडे ढगळ झाले. एकदा मी तिथेच होते. अक्कानं अंडाकरी केली होती, त्यांच्या आवडीची. पहिल्याच घासाला त्यांनी ताट इतक्या जोरात ढकललं की रस्सा ओट्यावर सांडला. "कशाला करतीयास ह्ये समदं? माती घाल की ताटात! मला काय फरक पडतोय?" चाळीस वर्षांच्या संसारात अक्कावर आवाज न चढवलेला माणूस! तिनं ओटा पुसला, ताट उचललं आणि आत गेली. दाजी नंतर कितीतरी वेळ गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मी तिथे गेले तर म्हणाले, "तिला सांग, तुझ्यावर न्हाई चिडलो मी." मी म्हटलं, "तुम्हीच सांगा." पण त्यांना ते जमलं नाही.

प्रज्ञा, त्यांची मुलगी, पुण्यात जपानी भाषा शिकली आणि शिरवळच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून लागली. तिथे जपानी साहेबांच्या बायकोशी तिची गट्टी जमली होती. त्या बाईंच्या घरी ती टेम्पुरा करायला शिकली. भाज्यांचे पातळ काप, त्यावर पिठाचा नावापुरता पदर, आणि तळून लगेच खायचं. एका रविवारी सकाळी ती गावी आली ती पिशवीत मैदा, रताळी, लाल भोपळा, श्रावणघेवडा, गाजरं असं सगळं घेऊन. मीही योगायोगानं तिथे होते. "पप्पा, चव नाही तर नाही," ती म्हणाली, "पण तुमचे दात आहेत ना? कान आहेत ना?" दाजींनी वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

पहिला घाणा फसला. त्याला कारण अक्का. टेम्पुऱ्याचं पीठ बर्फाच्या पाण्यात भिजवतात आणि जेमतेम ढवळतात. गुठळ्या राहिल्या तरी चालतात, राहायलाच हव्यात. फार घोटलं की चिवट होतं. प्रज्ञा भाज्या पुसायला वळली तेवढ्यात अक्कानं पातेलं ओढलं आणि भज्याचं पीठ फेसतात तसं दणादण फेसलं. "गुठळ्या दिसल्या तर लोकं म्हणतील, आईनं कायबी शिकवलं न्हाई!" वर चिमूटभर हळदही टाकली. जे तळून निघालं ते पुरीसारखं मऊ आणि तेलकट. दाजींनी एक तोंडात टाकलं, चावलं आणि म्हणाले, "ह्यो कसला टेम्पो म्हणायचा?" अक्का आणि मी हसलो, पण प्रज्ञाचे डोळे भरून आले होते. ती शिरवळहून तीन गाड्या बदलून आली होती.

दुसऱ्यांदा तिनं अक्काला बाहेर बसवलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. रताळ्याचे काप कोरडे पुसले, आधी सुक्या मैद्यात घोळवले, मग त्या गार, गुठळ्यांच्या पिठात बुडवून तेलात सोडले. एका वेळी चारच. वर आले की उलटले, जाळीवर काढले आणि तशीच पळत बाहेर आली. "पप्पा, आत्ता. लगेच."

दाजींनी तोंड वेडंवाकडं करत एक काप उचलला आणि चावला. तो आवाज मला उंबऱ्यापाशी ऐकू आला. कर्रकन. दाजी थांबले. परत चावलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, म्हणजे कुणी लांबून हाक मारावी आणि आपण कान टवकारावेत, तसं. "वाजतंय गं!" ते म्हणाले. मग दुसरा काप, मग घेवड्याची शेंग, मग गाजर. "ह्येचा आवाज येगळा हाय... आन् ह्यो बग, ह्यो आतनं मऊ लागतोय." बशी रिकामी झाली तेव्हा त्यांनी ती प्रज्ञापुढे धरली, लहान मुलासारखी. "हाय का आनी?" अक्का उठून परड्यात गेली. मी मागोमाग गेले तर ती कडीपत्त्याच्या झाडाआड पदर तोंडाला लावून उभी होती.

इथवरचं श्रेय प्रज्ञाचं. पुढचं सगळं दाजींचं. पुढच्या दोन-तीन रविवारी प्रज्ञाकडून शिकून घेऊन अक्कानं तळलं, दाजींनी खाल्लं. मग एके दिवशी खाता खाता त्यांच्या लक्षात आलं की अक्का कढईपुढून हललेली नाही. ही वस्तू तर तेलातून निघाल्याबरोबर खायची. जरा थांबलं की संपली. म्हणजे जो तळतो त्याच्या वाट्याला ती कुरकुरीत कधी येतच नाही. हे मला त्यांनीच पुढे सांगितलं. म्हणाले, "चाळीस वर्सं झाली गं सुमन. माझ्या ताटात गरम भाकरी, आन् ती मागनं गार खातीया. मी भाकरीचा वास घेत बसलो, पर ह्ये कवा बगितलंच न्हाई." त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी टॉवेल कमरेला खोचला आणि अक्काला म्हणाले, "तू बस. आज मी करनार."

अक्कानं खूप आढेवेढे घेतले. गावात कळलं तर लोक हसतील म्हणाली. आणि लोक हसलेच. पारावर दाजींना विचारायचे, "काय सुभेदार, भजी तळताय म्हणं? त्यात हळद न्हाई, तिखाट न्हाई, मग हाय तरी काय?" दाजी म्हणायचे, "या की रविवारी. आवाज हाय त्यात." जे आले ते पुन्हा आले.

सुरुवातीला हात भाजले, पीठ उडालं, एकदा तर सगळा भोपळा जाळला, कारण जळल्याचा वास त्यांना येत नव्हता. पण मग त्यांनी स्वतःची रीत काढली. उमेदीची सगळी वर्षं कानाला हेडफोन लावून, खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढण्यात गेलेली. तेलाचंही तसंच केलं. मान तिरकी करून कढईवर उभे राहायचे. काप सोडला की तेल मोठ्यानं खदखदतं, मग भाजीतलं पाणी जाईल तसा तो आवाज बारीक बारीक होत जातो. "आता गप हुया लागलं बग... आता. काढ!" स्वतःच स्वतःला हुकूम द्यायचे. त्या वेळी घरात कुणी बोललेलं खपायचं नाही. आम्ही सगळे श्वास रोखून बसलेलो. मग पहिली बशी अक्कापुढे. नेहमी अक्काच पहिली. ती लाजायची, "आवं, सुमनला द्या की, पाव्हणी हाय ती." "पाव्हणीला दुसऱ्या घाण्यातलं," दाजी म्हणायचे आणि अक्का खाईपर्यंत समोरून हलायचे नाहीत. ती चावायची आणि हे डोळे मिटून ऐकायचे. मोठ्या माणसांना असं एकमेकांत रमलेलं बघणं अवघड असतं. मी उगाच पाणी आणायला उठायचे.

दाजी परत जेवायला लागले. पंगतीला जाऊ लागले. अंग भरलं नाही फारसं, पण चेहरा भरला. चव आली का, असं मी दरवेळी विचारायचे आणि ते नकारार्थी मान हलवायचे. "गेली ती गेली. आता तिची वाट बगायची सोडली मी. बरं वाटतंय."

परवा मी अक्काकडे राहून आले. प्रज्ञा कामावर परतली होती, घरात आम्ही दोघीच. दुपारी अक्कानं आमटी-भाकरी केली. मी पहिला घास घेतला आणि थांबले. आमटी अळणी होती. अगदी पूर्ण अळणी. मी तिच्याकडे बघितलं. ती शांतपणे जेवत होती.

"अक्का, मीठ विसरलीस गं."

"विसरले न्हाई," ती म्हणाली. मग भाकरीचा तुकडा मोडत सांगू लागली. "तुला म्हाईत न्हाई. ते परत जेवाया लागले ना, तवापासनं रोज मला म्हणायचे, 'आज आमटी झकास झालीया. मीठ अगदी बेतात पडलंय.' रोज म्हणायचे. तुझ्याम्होरं, पोरीम्होरं कवा न्हाई, दोघंच असलो की. मला वाटलं, चव आली परत, आन् मला एकटीलाच सांगत्यात. लय हरखले मी. मग म्हणलं, एकदा बगावंच. आन् एक दिवस मीठ घातलंच न्हाई."

"मग?"

"मग काय... पहिला घास घेतला आन् म्हणले, 'आज तर कमालच केलीस.'"

तिला हसू आलं आणि हसता हसता तिचा घास तोंडाशीच राहिला. मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस त्यांना?"

"काय म्हणनार? म्हणलं, व्हय, आज जमलीया खरी," अक्का म्हणाली. "आन् त्यांच्यासंगं मीबी तशीच खाल्ली. वाटीभर."

मीठ तिच्या हाताशीच होतं. मी ते मागितलं नाही. वाटी पुढे केली, तिनं आणखी एक पळी आमटी वाढली, आणि आम्ही दोघी बहिणी जेवत राहिलो.